फळबागेचे अनुदान आणि सीमेवरचा कास्तकार

(मादन हिप्परगा येथे शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळे आणि भाजीपाला यांच्या लागवडीविषयी सरकारचे धोरण काय आहे आणि ते काय असावे, ह्या विषयावर आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय वरवर पाहता कागदी वाटेल. परंतु ज्याच्या पहाणी उताऱ्यावर चार-पाच एकर जमीन आहे, आणि येत्या मृगापूर्वी त्यातल्या एका एकरात तूरच पेरावी की झाडे लावावीत ह्याचा निर्णय ज्याला करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने ह्याहून जिव्हाळ्याचा विषय दुसरा नाही. तूर चुकली तर एक वर्ष जाते. झाड चुकले तर पाच वर्षे जातात आणि जमीनही अडकून पडते. म्हणून सरकार अनुदान देते एवढ्यावर भुलून कोणी खड्डे खणू नयेत. तसेच सरकारचे काही खरे नसते असे म्हणून दाराशी आलेली योजना परतही लावू नये. योजना पारखून घ्यावी, आणि जी उणीव दिसेल ती पुरी करून मागावी, हाच शहाण्या कास्तकाराचा मार्ग होय.

प्रथम तुरीचीच गोष्ट घ्या. कलबुर्गी जिल्ह्याची तूर देशभर नावाजलेली आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने भावाची हमी मिळत नाही. २०१६ साली पाऊस चांगला झाला, तूर उदंड पिकली, परदेशची तूरही बंदरात उतरली, आणि केंद्र सरकारने बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये आधारभूत भाव जाहीर केलेला असताना बाजारात तूर त्याच्याही खाली गेली. ज्या वर्षी पीक आले त्या वर्षी भाव गेला, आणि ज्या वर्षी भाव आला त्या वर्षी पीक गेले, हा आपला नित्याचा अनुभव आहे. एकाच पिकावर सारा संसार टांगलेला असावा ही स्थिती धोक्याची आहे ह्यात शंका नाही.

म्हणूनच फळबागेचा विचार पुढे येतो. २०१२-१३ साली आपल्या देशात फळे, भाजीपाला, मसाले आदी बागायती उत्पादनाने वजनात अन्नधान्याला प्रथमच मागे टाकले. शहरे वाढत आहेत, खाणारे वाढत आहेत. एकरी उत्पन्न धान्याहून अधिक आहे. परंतु तूर आणि पेरू यांच्यांत एक मोठा भेद आहे. तूर पोत्यात भरून घरात ठेवता येते. आज भाव नाही तर दिवाळीनंतर विकू, असे म्हणता येते. पेरूला असे सांगता येत नाही. काढणीनंतरच्या नुकसानीची जी अखिल भारतीय पाहणी कृषी अनुसंधान परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेने केली आणि जी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात पेरूचे नुकसान जवळजवळ १६ टक्के, म्हणजे पाहणीतील फळांत सर्वांत अधिक निघाले. शंभर टोपल्यांतल्या सोळा टोपल्या खाणाऱ्याच्या तोंडी पडण्यापूर्वीच नासतात. झाड लावण्यासाठी पैसा देऊन जे धोरण थांबते आणि फळ पुढे कोठे जाणार ह्याचा विचार करीत नाही, ते धोरण अर्धेच होय.

आता सरकारी धोरणाचा इतिहास थोडक्यात पाहू. आपल्या शेजारी महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित असा फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला. वि. स. पागे यांच्या विचारातून जन्मलेली रोजगार हमी तोवर रस्ते, नाले, पाझर तलाव यांच्या कामांवर मजुरी देत असे. १९९० च्या कार्यक्रमाने ती मजुरी शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावर आणली. आपल्याच रानात खड्डा खणा, माती-खत भरा, कलम लावा, आणि त्या श्रमाची मजुरी सरकारकडून घ्या, असे त्याचे स्वरूप होते. कार्यक्रमापूर्वी महाराष्ट्रात फळबागांखाली सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन होती. पुढील पंधरा वर्षांत शासकीय आकडेवारीप्रमाणे ते क्षेत्र दहा लाख हेक्टरांच्या पुढे गेले. कोकणातल्या वरकस डोंगरांवर आंबा-काजू उभे राहिले, आणि सोलापूर, नगर, नाशिक यांच्या अवर्षणी तालुक्यांत बोर, डाळिंब, सीताफळ आले.

हे यश कशामुळे आले ते नीट समजून घेतले पाहिजे. पहिले कारण असे की, दिलेला पैसा कर्ज नव्हते, अनुदान होते. झाड मेले म्हणून सावकार दारात उभा राहण्याची भीती नव्हती. दुसरे असे की, सारे पैसे लागवडीच्या दिवशीच हातावर ठेवले जात नव्हते. झाडे जगवाल तसतसे ते हप्त्याहप्त्याने मिळत. २०१८ साली महाराष्ट्राने भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने जी नवी योजना आणली तिच्यातही तेच तत्त्व ठेवले: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० टक्के, तिसऱ्या वर्षी २० टक्के, आणि पुढचा हप्ता झाडे जिवंत दिसल्यावर. रोप कागदावर लावून पैसा उचलणाऱ्याला ह्या पद्धतीने चाप बसतो आणि खऱ्या कास्तकाराला तीन वर्षे आधार मिळतो.

परंतु ह्या यशाला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे हा आपल्याशीच द्रोह ठरेल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. टँकरने पाणी घालून झाडे वाचविण्याची धडपड झाली, आणि वर्षानुवर्षांच्या बागांवर शेवटी कुऱ्हाड चालवावी लागली. सोलापूर जिल्ह्यात सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्याने डाळिंबावर वैभव पाहिले. पण त्याच डाळिंबावर तेल्या रोग आला, पुढे खोड पोखरणारा भुंगेरा आला, आणि अनेकांना बागा उपटून टाकाव्या लागल्या. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले हे योग्यच झाले. पण संशोधन मागून येते, रोग आधी येतो. एका तुरीवरची भिस्त सोडून एका डाळिंबावर ठेवली तर आपण धोका बदलला, टाळला नाही.

आता कर्नाटकाकडे वळू. न्यायाचे बोलायचे तर ह्या राज्यात फलोत्पादनाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. १९६३ साली म्हैसूर राज्याने फलोत्पादनाचे खाते शेतीखात्यापासून वेगळे केले आणि डॉ. एम. एच. मरीगौडा त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्याच प्रयत्नांनी त्यापूर्वी, १९५९ साली, बंगळूरला द्राक्ष बागायतदारांची सहकारी संस्था उभी राहिली होती. तीच पुढे ‘हॉपकॉम्स’ नावाने फळे-भाज्यांची दुकाने चालवू लागली. बागलकोटला फलोत्पादनाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि त्याचे एक महाविद्यालय बिदर येथे आहे. ठिबक सिंचनाला केंद्राच्या योजनेतून लहान कास्तकाराला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान ठरले. त्यात भर घालून महाराष्ट्राने ते ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेले, तर कर्नाटकाने अलीकडच्या वर्षांत पाच एकरांच्या आसपासच्या जमिनीला ९० टक्क्यांपर्यंत दिले. शेततळ्यांसाठी कर्नाटकाने २०१४-१५ मध्ये ‘कृषि भाग्य’ योजना आणली, महाराष्ट्राने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ आणले. पलीकडचे सारे चांगले आणि इकडचे सारे वाईट, असे ज्याला वाटते त्याने हे आकडे ताडून पाहावेत. जे हक्काचे आहे ते न मागता नुसते उसासे टाकीत बसणे हे आपल्या हिताचे नाही.

मग अडते कोठे? पहिले म्हणजे, राजधानीत तयार झालेली योजना आळंद तालुक्याच्या ह्या टोकापर्यंत येताना पातळ होत जाते. २००२ साली डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातील ३९ तालुके अतिमागास ठरविले. त्यांतले २१ एकट्या कलबुर्गी विभागातले निघाले. ह्याच कारणास्तव २०१२ साली घटनेत ९८ वी दुरुस्ती होऊन ३७१-ञ हे कलम आले आणि जुन्या हैदराबाद संस्थानातील ह्या जिल्ह्यांसाठी विकास मंडळाची तरतूद झाली. मागासपणा सरकारदप्तरी मान्य झालेला आहे; तेव्हा येथील फळबागेला बंगळूर-कोलारचा गज लावून चालणार नाही. तेथे शीतगृह आहे, विमानतळ आहे, दारातच लाखोंची बाजारपेठ आहे. येथे काय आहे ते पाहून येथले धोरण आखले पाहिजे. मी त्याच्या तीन कसोट्या मानतो: पाणी, बाजार आणि भाषा.

पहिली कसोटी पाण्याची. अमर्जा नदीवर कोरहळ्ळीला धरण आहे. पण कालव्याखालचे शेत सगळ्यांच्या नशिबी नसते. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही मोजक्या दिवसांत पडून ओढ्याने भीमेकडे निघून जातो. बहमनी काळात बिदरच्या खडकातून भूमिगत भुयारे खणून पाणी खेळविणारे कारागीर होऊन गेले. ते काम राजाश्रयाचे होते. आपल्याला आपल्या आवाक्यातला हिशेब करावयाचा आहे. एका एकरात पाच मीटर अंतरावर सीताफळ लावले तर सुमारे १६० झाडे बसतात. कोवळ्या झाडाला उन्हाळ्याचे १२० दिवस सढळ हाताने रोज २० लिटर पाणी धरले, तर ३ लाख ८४ हजार लिटर लागते. २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे, त्याच्या तिरक्या बाजू जमेस धरून, पावणेनऊ लाख लिटरांच्या आसपास पाणी धरते. त्यातले निम्मे उन्हाने उडाले असे मानले तरी एक एकर जगतो. दोन एकर जगत नाहीत. तेही तळ्याला अस्तर असेल आणि पाणी ठिबकने जात असेल तर. म्हणजे अनुदान पाच एकरांचे मिळत असले तरी पाणी एकाच एकराचे आहे, हे आधी ओळखले पाहिजे. तळे, अस्तर, ठिबक आणि रोप ह्या चार गोष्टींसाठी चार अर्ज, चार खिडक्या आणि चार वेगळी वर्षे असू नयेत. तळ्यात पाणी दिसल्यावाचून रोपाचे अनुदान मंजूरच होऊ नये. हा नियम कडक वाटेल, पण तो कास्तकाराच्या हिताचा आहे.

झाडाची निवडही जमिनीप्रमाणेच व्हावी. खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते. तिच्यात डाळिंबाची मुळे गुदमरतात. तिच्यात तूरच राहू द्या. माळाच्या हलक्या, मुरमाड जमिनीत बोर, सीताफळ, चिंच, आवळा तग धरतात. तेलंगणातल्या बालानगरचे सीताफळ आणि बीडच्या बालाघाट डोंगरातले सीताफळ असल्याच माळावर नावारूपाला आले. झाडे लहान आहेत तोवर दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत तूर-मूग घेता येतात, म्हणजे फळ लागेपर्यंत घर उपाशी राहत नाही. तूर सोडा असे मी म्हणत नाही. तुरीला सोबत द्या असे म्हणतो.

दुसरी कसोटी बाजाराची. मादन हिप्परग्याचा माल जवळच्या बाजारी न्यावयाचा तर दुधनी आहे, अक्कलकोट आहे, आणि पुढे सोलापूर आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, पण बैलगाडीची वाट त्यांनी बदलली नाही, आणि आजची टेम्पोची वाटही बदललेली नाही. म्हणजे अनुदान बंगळूरचे, माती आळंदची आणि भाव सोलापूरचा, अशी ह्या भागातील कास्तकाराची स्थिती आहे. २०१६ साली महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. ज्याचा माल सोलापुरात विकला जातो त्याला हा नियम ठाऊक असावयास हवा, मग त्याचे मतदान कोणत्याही राज्यात असो. नियम ठाऊक नसेल तर पट्टी हातात येते तेव्हा काय कापले आणि का कापले ह्याचा जाब विचारता येत नाही.

बाजार किती निष्ठुर होऊ शकतो ह्याचे उदाहरण फार दूरचे नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती भाडे-हमाली-तोलाई वजा जाता २ रुपयांचा धनादेश पडला, आणि ती बातमी देशभर गाजली. त्या शेतकऱ्याने लागवड चुकीची केली नव्हती. कांदा पिकला होता. त्या दिवशी बाजारात कांदा फार झाला होता, आणि तो परत नेणे अधिक महाग होते, एवढेच. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्यासाठी ५०० कोटी रुपयांची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना मांडली गेली ती अशाच पडझडीवर उतारा म्हणून. पण दिल्लीतली तरतूद आणि सोलापूरचा सौदा यांच्यामध्ये साठवणीचे गोदाम कोठेतरी उभे असावे लागते. ते ह्या परिसरात उभे राहिले पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

परंतु सगळेच सरकारवर ढकलून भागणार नाही. सोलापूरजवळच्या नान्नज गावी नानासाहेब काळे यांनी आपल्याच मळ्यात निवड करून द्राक्षाची ‘सोनाका’ जात काढली. त्यांच्यासारख्या बागायतदारांनी संघ केला, एकमेकांच्या बागा पाहिल्या, चर्चासत्रे भरविली. आणि १९९१ साली निरनिराळ्या द्राक्ष सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभारून परदेशी बाजार धरला. एकट्याची पाच टोपली व्यापारी पाहतही नाही; पन्नास घरांचा एका प्रतीचा, एका मापाचा माल त्याला दारात यावयास लावतो. २०२० पासून केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. आपल्या होबळीतील दहा गावांनी मिळून अशी एक संस्था का करू नये? फळाला पाच वर्षे लागणार आहेत. संस्थेची तयारी आजपासून केली तरच फळ येईल तेव्हा ती उभी असेल.

तिसरी कसोटी भाषेची. काही लोकांना वाटते की, भाषेचा प्रश्न शाळेचा आणि सभेचा. शेतीशी त्याचा काय संबंध? मी सांगतो, संबंध जिवाशी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथे तर भाषेचा अडसरही नव्हता. समजावून सांगणाराच नव्हता. मग जेथे माहितीपत्रक हाती येते पण त्यावरची भाषा वाचता येत नाही, तेथे किती जपावयास हवे! औषध किती पाण्यात किती, कोणते दुसऱ्यात मिसळू नये, फवारल्यावर किती दिवसांनी फळ तोडावे, ह्या गोष्टी ऐकीव माहितीवर सोडण्यासारख्या नाहीत. अर्जाची मुदत, कागदांची यादी, मंजुरीच्या अटी यांचेही तेच. सूचना फलकावर लागते. ज्याला ती वाचता येत नाही त्याला ती मध्यस्थाच्या तोंडून कळते, आणि मध्यस्थाचे तोंड फुकट उघडत नाही.

ही कृपेची याचना नव्हे. राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, केंद्राने जे संरक्षणाचे निवेदन काढले त्याच्या आधारे, जेथे अल्पसंख्य भाषिक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, असा दंडक मान्य झालेला आहे. मोठा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु ठिबकच्या अर्जाचा मराठी नमुना मागण्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. आणि माझे आणखी एक सांगणे आहे: आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. बिदरच्या महाविद्यालयातले ज्ञान त्यांना मिळवावयाचे आहे, आणि शेजारच्या शिवारातला कन्नड भाषी कास्तकार हा त्यांचा सोबती आहे. त्याची तूर आणि आपली तूर एकाच भावाने पडते. हक्क मागताना शेजाऱ्याशी वैर करण्याचे कारण नाही.

तेव्हा, बंधुभगिनींनो, आज उठण्यापूर्वी आपण काय करावयाचे ते ठरवू. आळंदच्या फलोत्पादन कार्यालयाला आपण लेखी मागणी करू. ती अशी: शेततळे, अस्तर, ठिबक व रोपे यांचा एकच अर्ज आणि एकच मंजुरी असावी, अनुदानाचे हप्ते झाडे जगल्याच्या पाहणीवर द्यावेत आणि ती पाहणी गावकऱ्यांसमक्ष व्हावी, ह्या होबळीत प्रतवारी व साठवण यांची सोय व्हावी, आणि सर्व सूचना, अर्जाचे नमुने व फवारणीची पत्रके रयत संपर्क केंद्रात मराठीतही मिळावीत. अर्जावर सह्या करताना ज्याला मराठी येते त्याने मराठीत करावी, ज्याला कन्नड येते त्याने कन्नडात करावी. दोघांचीही शेते सारखीच तहानलेली आहेत.

आणि दुसरे काम कोणाकडेही न मागता करावयाचे आहे. ज्याला फळबाग लावावयाची आहे त्याने ह्या उन्हाळ्यातच आपल्या माळाचा एक एकर निवडावा, दोन हात खोल खड्डा खणून खाली मुरूम आहे की काळी माती आहे ते पाहावे, आणि पावसाचे पाणी शेतातून कोणत्या बाजूने वाहून जाते ते पहिल्या वळवाला उभे राहून बघावे. तळ्याची जागा तेथे ठरेल. एवढे करून मग कार्यालयाची पायरी चढावी. आपले शेत ज्याने मोजले-पारखले आहे त्याला अधिकारीही वेगळ्या आदराने वागवितो, आणि योजनेतले आपल्या उपयोगाचे कोणते व निरुपयोगी कोणते हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.